एकाच हातावर चाललेली

“एकाच हातावर चाललेली गाडी आहे,” मालक गिऱ्हाइकाला सांगत होता. “पहिल्या दिवसापासून एकच ड्रायव्हर. दुसऱ्या कुणी स्टेअरिंगला हात लावलेला नाही.”

तो ड्रायव्हर तिथेच, ट्रेलरच्या पुढच्या चाकाशी उभा होता. शेजारी त्याची बायको, काखेत पिशवी घट्ट धरून. पिशवीत सहा वर्षांची बचत होती. ती आज मालकाच्या हातात ठेवायची आणि ही गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, म्हणून दोघं सकाळीच यार्डात आली होती. मालकानेच बोलावलं होतं. त्याने हे गिऱ्हाईकही बोलावलंय, ते मात्र इथे आल्यावर कळलं.

गिऱ्हाइकाने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्याने कान देऊन आवाज ऐकला, खाली वाकून कुठे ऑइल गळतंय का ते पाहिलं, टायरवर लाथ मारली, आणि इंजिन बंद करून म्हणाला, “वय सांगितलं नसतं तर निम्मंच धरलं असतं.”

“सांभाळलीच तशी आहे,” मालक म्हणाला. जसा काही दर सुट्टीला हाच पाठीवर सरपटत गाडीखाली जात होता!

ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज खाली ठेवून तो म्हणाला, “शेठ, गाडी मला द्यायची ठरली होती.”

“मग नाही कुठे म्हणतोय? हे जेवढे देतायत तेवढे तू दे, आत्ता घेऊन जा.”

“आपला भाव ठरला होता.”

“तो जुन्या गाडीचा भाव होता, बाबा. ही तुला जुनी दिसते का? अशी गाडी त्या भावात काढली तर लोक मला वेड्यात काढतील.”

गाडी काही आपोआप अशी राहिली नव्हती. उद्या आपलीच व्हायची आहे, या एका आशेवर त्याने ती जिवापाड जपली होती. क्लचप्लेट स्वतःच्या खिशातून घातली. बॅटरी नवी, आरसे नवे. सीटची कव्हरं बायकोने घरी शिवली. खड्डा आला की मांडीवर तान्हं मूल झोपलं असावं तशी तो गाडी काढायचा. “गाडी आहे की जावई?” म्हणून बाकीचे ड्रायव्हर खिदळायचे, आणि हाही त्यांच्याबरोबर हसायचा. दर वेळी खिशातून पैसे घातले की गाडी आणखी महाग होत होती, आपल्यापासून आणखी लांब जात होती, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. मालकाच्या डोक्यात मात्र ते बरोबर आलं होतं.

“तोंड पाडू नकोस,” मालक म्हणाला. “तुझ्या पैशात ती कोपऱ्यातली बसतेय. ती घे. दोन्ही गाड्या मी एकाच दिवशी आणल्या होत्या.”

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. त्या गाडीचा बंपर दोरीने बांधला होता, खाली ऑइलचं डबकं साचलं होतं. तिच्या ड्रायव्हरला सगळे ‘धडाम’ म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. धडाम पायरीवर बसून चहा पीत होता. ड्रायव्हरला सगळ्यात जास्त हसायचा तो हाच. आज हसला नाही. चहा खाली ठेवून म्हणाला, “दादा, ही घेऊ नका. मी चालवलीय, मला विचारा.”

“तू गप रे,” मालक ओरडला, आणि लगेच आवाज गोड करून ड्रायव्हरकडे वळला. “अरे, तुझा हात लागला की दोन वर्षांत तीही अशीच होईल.”

बायको उसळून म्हणाली, “म्हणजे ज्याने वाट लावली त्याची गाडी स्वस्त, आणि आम्ही पदरचे पैसे घालून सांभाळली म्हणून आम्हालाच महाग? शेठ, थोडी तरी लाज वाटू द्या.”

“वहिनी, हा व्यवहार आहे. तुम्हाला नाही कळायचा.”

गिऱ्हाइकाला या भानगडीत रस नव्हता. तो घड्याळ बघत म्हणाला, “ड्रायव्हर गाडीबरोबर येणार का? येणार असेल तर मी थोडे वाढवून देतो.”

मालकाचा चेहरा खुलला. “येईल की! न येऊन जाईल कुठे?”

ड्रायव्हर कॅबिनमध्ये चढला, सीटखालचा पाना घेऊन उतरला आणि बॅटरीच्या पेटीपाशी बसला. नट जाम झाले नव्हते. त्यानेच वेळच्या वेळी ग्रीस लावलं होतं. बॅटरी दोन्ही हातांनी उचलून त्याने बायकोच्या पायाशी आणून ठेवली. मग तो आरशाकडे गेला. धडाम उठला, काही न विचारता आरसा खालून धरून उभा राहिला.

“अरे, अरे! काय चाललंय काय?” मालक धावत आला. “गाडीचं सामान काढतोस? माझ्याच यार्डात, माझ्या डोळ्यांदेखत चोरी?”

“चोरीच आहे,” ड्रायव्हर पाना फिरवत म्हणाला. “सहा वर्षं चाललीय. तुम्हाला आज दिसली.”