पालथा फोन

“आणखी काय दिसतं?” शिकवणाऱ्या ताईने विचारलं.

“फोन पालथा ठेवतात,” बाई चटकन म्हणाल्या. “आणि कुणी खोलीत आलं की दचकतात.”

“अगदी बरोबर, काकू. ऑनलाइन भामट्याच्या गळाला लागलेलं माणूस आधी फोन लपवतं, मग स्वतःला.”

बाकीच्या स्वयंसेवकांनी माना डोलावल्या. बाईंनी मात्र शिकवलेलं सांगितलं नव्हतं, घरात पाहिलेलं सांगितलं होतं.

बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायच्या, आणि कुणाची काडी कुठल्या कानाला टोचते ते न विचारता ओळखायच्या. पण घरात एकुलती एक लेक वाळत चालली होती, ते दिसायला त्यांना किती उशीर झाला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं म्हणून त्या उठता-बसता स्वतःला बोल लावत.

लेकीला त्या चिऊ म्हणायच्या. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पूर्वी चप्पल काढतानाच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आता अर्धं ताट तसंच टाकायची आणि दार लोटून बसायची. बाई आत गेल्या की फोन पालथा करायची, आणि आईकडे अशी बघायची की आता रडेल की मग.

“काय झालं गं?”

“काही नाही. तुला काही सांगायचंय का?”

“मला? मला काय सांगायचं असणार!”

बोलणं तिथंच संपायचं.

कुणीतरी पोरीला जाळ्यात ओढलंय, याबद्दल बाईंच्या मनात शंका उरली नव्हती. म्हणून तर त्या ऑनलाइन सुरक्षेचं काम करणाऱ्या या संस्थेत स्वयंसेवक व्हायला आल्या होत्या. परोपकार-बिरोपकार मागाहून. आधी स्वतःच्या पोरीला सोडवायची विद्या शिकायची होती.

संस्थेचे नियम कडक होते. इथलं घरी बोलायचं नाही आणि तक्रार करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. शिकवणी शनिवारी, दुकान नेमकं शनिवारी बंद. मग बाईंनी घरी थाप मारली, दुकानात माल मोजायचा आहे. चार माणसांत जायचं म्हणून त्या ठेवणीतले कपडे घालायच्या, कानात मोती अडकवायच्या. आजही निघताना चिऊ दारात येऊन उभी राहिली.

“आई, घराचे कागद टेबलावर का काढलेस?”

“संध्याकाळी फोटो काढून ठेवते. हल्ली कशाचा भरवसा नाही.”

चिऊने मान हलवली आणि तशीच उभी राहिली. जिना उतरताना बाईंना ती नजर पाठीला चिकटल्यासारखी वाटली. आज काहीतरी अघटित होणार, असं सारखं मनात येत होतं.

बाईंचं हे सगळं दुःख एकाच माणसाला ठाऊक होतं. कुंड्यांत बाग करणाऱ्यांच्या ग्रुपवर एका कप्तानाशी ओळख झाली होती. गडी कायम जहाजावर, रेंज मिळेल तेव्हा चार शब्द लिहायचा. पण नवरा गेल्यापासून बाईंचं इतकं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण? चिऊबद्दल सांगितलं तेव्हा त्याने लिहिलं, ‘तिला इतक्यात काही विचारू नका. या वयात पोरं बिथरतात.’ स्वयंसेवक व्हायचं म्हटल्यावर मात्र कुरकुरला, ‘कशाला नसती उठाठेव? लोकांच्या भानगडीत स्वतःची झोप घालवाल.’ काळजीपोटीच म्हणाला बिचारा. बाईंनी त्याचं पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं नाही.

ताईने पडद्यावर सरावासाठी रचलेल्या गप्पा लावल्या. “खोट कुठे आहे, सांगा.”

“ही काय इथं!” बाईंनी बोट ठेवलं. “आधी गोड गोड कौतुक, मग ‘घरी बोलू नकोस’. चोर आहे मेला!”

सगळे हसले. “काकू, तुमच्या नजरेतून कुणाची सुटका नाही,” ताई म्हणाली. “या, आता खरी तक्रार घ्या. आत्ताच आलीये.”

नव्या माणसाने पहिली तक्रार ताईला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मगच उत्तराला हात लावायचा, अशी इथली रीत होती. डोळे घाईत ओळी गाळतात, जीभ गाळत नाही, असं ताईचं म्हणणं. बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी स्वतःचा फोन पर्समधून काढून टेबलावर पालथा ठेवला, चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या.

“‘आमच्या घरातलं माणूस कुणाच्या तरी जाळ्यात अडकलंय. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. समोरच्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. मी चुकून एक मेसेज वाचला, तेव्हापासून झोप उडालीये.’”

असेल कुणीतरी आई, आपल्यासारखीच होरपळणारी. “बिचारी,” त्या पुटपुटल्या.

“वाचा पुढे.”

“‘सरळ विचारायची हिंमत होत नाही. ती चिडली आणि घर सोडून गेली तर? मला तिच्याशिवाय कुणी नाही. आज तर तिने कपाटातून घराचे कागद बाहेर काढलेत...’”

बाई थांबल्या. टेबलावरचा फोन थरथरला, गप्प झाला, पुन्हा थरथरला.

“काकू? एकच ओळ राहिलीये.”

बाईंना ती ओळ दिसत होती. दुकानात लोक भिंतीवरची सगळ्यात खालची, बारीक अक्षरं वाचतात, तशी त्यांनी ती एकेक शब्द लावत वाचली.

“‘तो माणूस म्हणे जहाजावर असतो, आणि आई आत्ता कानात मोती घालून बाहेर पडलीये, बंद दुकानात माल मोजायला.’”