यानाचा शेवट

शाल्मलीने टॅब्लेटवर पेन टेकवलं आणि पडद्यावरच्या अंतराळयानाच्या पोटात पहिली भेग उमटली.

हे यान तिनेच रेखाटलं होतं. पण पहिल्या सिनेमात नाव लागलं स्टुडिओचे मालक निमकर सरांचं. पुरस्कारही त्यांनीच घेतला. तिने जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "अगं, रेघा कुणीही ओढतं. कल्पना माझी होती." त्याच दिवशी तिने नोकरी सोडली.

आता दुसऱ्या भागाच्या दिग्दर्शिकेने तिलाच थेट बोलावलं होतं. "यानावर हल्ला होतो. किती मोडायचं ते तुम्ही ठरवा."

कुणकुण लागताच निमकर सर धावत आले. पडद्यावर इंजिन जळत होतं, पंख तुटून तरंगत होते.

"शाल्मली, याच यानाच्या जोरावर मला तिसरा भाग मिळणार आहे गं. दुरुस्त होईल इतकं तरी ठेव!"

तिचा हात क्षणभर थांबला. त्यातली प्रत्येक खिडकी तिने जीव ओतून काढली होती.

"तुमच्या नावावर उडण्यापेक्षा ते जळालेलं बरं, सर," ती म्हणाली, आणि डोळे भरून आले तरी उरलेल्या सांगाड्यावर आग रंगवत राहिली.