फुगलेली बॅटरी

"ठेवून जा ना ताई, निवांत बघतो," रिपेअरवाला म्हणाला.

"इथेच बघा. मी बसते."

सिस्टरने स्टूल ओढलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. तिच्या वॉर्डात पेशंटच्या आया बसतात तशी, कुणी उठवल्याशिवाय न उठणारी.

लॅपटॉप तिच्या धाकट्या लेकीचा. कॉलेजला जाते म्हणून धाकटी घराबाहेर पडली ती परत आलीच नाही. फोन तिच्याबरोबर गेला आणि त्याच दुपारी बंद पडला. मागे राहिला तो हा. पोलिसांनी त्याला हातही लावला नाही. "वयात आलेली मुलगी आहे, बाई. गेली असेल कुणाबरोबर. हौस फिटली की येईल," असं साहेब चहाचा घोट घेत म्हणाला होता. नवऱ्याने तर त्याच्याही पुढची मजल मारली. मला एकच मुलगा, असं तो आता चारचौघांत सांगायचा. अब्रूवाल्यांना मेलेली मुलगी परवडते, पळालेली नाही.

तेव्हा शोधणारी ती एकटीच. धाकटी दिवसभर ज्याच्यात डोकं घालून बसायची, त्यात काहीतरी सापडेल एवढीच आशा उरली होती. आणि तो मेला मिनिटभरही चालू राहत नव्हता.

रिपेअरवाल्याने चार्जर लावला. कंपनीचं नाव झळकलं आणि पडदा काळा झाला. दुसरा चार्जर लावला. तेच. बटण दाबून धरलं, सोडलं. शेवटी मशीन पालथं घालून स्क्रू काढले. आत बॅटरी उशीसारखी फुगली होती.

"बघा. हिच्यात गॅस धरलाय. कुठे टोचली तर पेट घेईल."

"मग बदला."

"नुसती बदलून भागलं तर ना. बोर्डही उडाला असेल. आणि या मॉडेलची बॅटरी हल्ली येत नाही." त्याने दाराच्या काचेकडे पाहिलं. धाकटीच्या फोटोचा, हरवल्याचा कागद तिथे त्यानेच चिकटवून दिला होता. बाकीच्या दुकानदारांनी नको म्हणून हात झटकले होते. "पोरीला मी कधी पाहिलं नाही, हे मशीनही आजच बघतोय. पण आईचा जीव कळतो हो. ठेवून जा. काही निघालं तर स्वतः घरी आणून देतो."

सिस्टरला भरून आलं. सख्ख्या दिराने एवढी विचारपूस केली नव्हती.

"तुमचे उपकार आहेत, भाऊ. पण रात्री तो उशाशी लागतो मला."

"ही बॅटरी उशाशी? झोपेत जळाल."

"सुटेन मग."

त्याने बॅटरी काढून बाजूला ठेवली. तिने बॅटरीवरच्या नंबराचा फोटो काढला आणि लॅपटॉप पिशवीत घालून निघाली.

पुढच्या आठवड्यात ती खोकं घेऊन हजर.

"कुठे मिळाली?" त्याने खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"हॉस्पिटलात मशीनवाले येतात, त्यांना नंबर दिला. माणूस मरायच्या आत मशीन चालू करायची सवय असते त्यांना."

"डुप्लिकेट असेल."

"असू दे. बसवा."

त्याने जुन्या जागी नवी बॅटरी बसवली, वायर जोडली, एकेक स्क्रू आवळला. फार सावकाश. मग चार्जिंगला लावून म्हणाला, "आता वेळ लागेल. घरी जा, फोन करतो."

"मी रजा टाकलीय. तुमचं वायफाय द्या जरा, थोरल्याला व्हिडिओ कॉल लावते. चालू झालेलं त्यालाही दिसू दे."

"पासवर्ड कुणाला देत नाही, ताई. बायकोलाही नाही. जे मशीन माझ्या हाताखालून जातं त्यातच टाकतो, तोही मी स्वतः."

"बायको काही म्हणत नाही?"

"म्हणते ना. माहेरी जाऊन म्हणते."

सिस्टर हसली. धाकटी गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पण याचा पासवर्ड नसेल ना तुमच्याकडे?" त्याने लॅपटॉपकडे बोट केलं. "मग चालू होऊनही काय उपयोग?"

"आहे. तापाने फणफणली होती तेव्हा तिनेच सांगितला. कॉलेजचं काहीतरी पाठवायचं होतं."

"असं," तो म्हणाला आणि हातातलाच स्क्रूड्रायव्हर टेबलावर शोधू लागला.

ती उठून टेबलाशी आली. "झालं असेल एवढ्यात. लावू या."

"आतलं सगळं उडालं असेल तर मन घट्ट ठेवा, ताई. नुसती बॅटरी बदलून गेलेलं परत येत नाही."

"घट्टच आहे."

बटण तिनेच दाबलं. कंपनीचं नाव आलं. पडदा काळा झाला नाही. धाकटीचा हसरा फोटो उमटला आणि त्याच्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. सिस्टरने बोटं अक्षरांवर ठेवली. अजून एकही अक्षर दाबलं नव्हतं.

"माझ्या नजरेला एकदा जरी पडली असती ना," रिपेअरवाला तिच्या मागून बोलत होता, "तर त्याच दिवशी धावत आलो असतो तुमच्याकडे."

पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह क्षणभर फिरलं, आणि काहीएक न विचारता धाकटीचा लॅपटॉप त्याच्या दुकानाच्या वायफायला जोडला गेला.