भट्टीसमोरचं भांडण

"जरा हस ना ताई! लोकांकडे मदत मागतोय आपण."

"मदत मागताना कोणी हसतं का?" थोरली मैदा मळता मळता म्हणाली.

बेकरीची भट्टी तडकली होती. नव्या भट्टीसाठी ऑनलाइन मदत गोळा करायचं धाकटीच्या डोक्यातून निघालं. ती परगावी जाहिरात कंपनीत होती. खास रजा काढून आली होती. तिने पावांचे देखणे फोटो टाकले. लाइक भरपूर पडले, मदत मात्र काहीच येईना.

मग एकदा चुकून भांडणच रेकॉर्ड झालं.

"मीठ कुठंय म्हणून विचारतेस? परक्या घरात आलीस का?"

"तू डबे हलवलेस, त्याला मी काय करू?"

धाकटीने गंमत म्हणून तेही टाकलं. सकाळी बघते तर कमेंटचा पाऊस. पुढे काय झालं? चूक कोणाची? कोणी थोरलीच्या बाजूने पैसे पाठवले, कोणी धाकटीच्या.

"ताई, रोज एक भांडण होऊन जाऊ दे!"

"तू घरात असल्यावर त्याला काय तोटा?" थोरली म्हणाली.

थोरलीला एकेक भन्नाट सुचायचं. बाबांचं आजारपण, न उचललेले फोन, पाहुण्यासारखं येऊन जाणं. धाकटीला नवल वाटायचं. पीठ चाळण्यात जन्म गेलेली ही बाई इतकं नेमकं बोलायला शिकली कुठे? मग तीही मागे हटली नाही. शेवटच्या व्हिडिओत तिने थोरलीचे पिठाळलेले हात धरले. डोळ्यांत पाणी आणलं.

"चुकले मी ताई. आता तुला सोडून कुठ्ठे जाणार नाही."

थोरलीने तिला जवळ ओढलं. बघणारे ढसाढसा रडले. त्याच दिवशी हवी तेवढी रक्कम जमली.

नवी भट्टी आली. पहिला पाव दोघींनी गरमागरम, फुंकर घालत खाल्ला. मग धाकटी बॅग भरायला वरच्या खोलीत गेली. तिथे अर्धं कपाट रिकामं होतं, कप्प्यांत कोरे कागद अंथरलेले. खिडकीपाशी नवीन खाट मांडली होती.

"कोणी राहायला येतंय का गं?" जिन्यावर पावलं वाजली तशी तिने बॅगेची चेन ओढत विचारलं. "पण काहीही म्हण ताई, काय अभिनय करतेस तू! लोकांना सगळं खरंच वाटलं."

थोरली उशी घेऊन दारातच थांबली.

"म्हणजे," तिने विचारलं, "तू अभिनय करत होतीस?"