दोरीवरचा फिल्टर

“या वेळी तो फिल्टर धुतलात तर याद राखा,” काकू म्हणाल्या. “उद्या गिऱ्हाईक येणार आहे. गाडी चालू झाली पाहिजे.”

“नाही धुणार,” काका म्हणाले.

काकूंची भाजी चिरणारी सुरी थांबली. हा माणूस इतक्या सहज कधी ऐकत नसे.

गाडी त्यांच्या लेकीपेक्षा म्हातारी होती. तिच्या बॉनेटखाली गोल, जाळीचा, कापडी एअर फिल्टर होता. कागदी फिल्टर मळला की फेकून देतात, हा धुऊन पुन्हा बसवायचा. काकांचा सगळा जीव त्यात. धुवायचा तो आतून बाहेर, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. आपटायचा नाही, घासायचा नाही. वाळवायचा सावलीतच. मग तेलाचा हलका हात, आणि त्यानंतरच गाडीत. फिल्टरशिवाय गाडी चालू करणं म्हणजे इंजिनाच्या घशात माती घालणं, असं ते भेटेल त्याला ऐकवत. गल्लीत त्यांना फिल्टरकाका म्हणत ते उगाच नाही.

काकूंना या सगळ्याचा वीट आला होता. बादली अडकून पडे, मोरी काळी होई, आणि स्वच्छ कपड्यांच्या रांगेत दोरीवर हे ध्यान लटकत राही. त्यात लोकरीच्या कपड्यांसाठी जपून ठेवलेला त्यांचा महागाचा साबण काका फिल्टरसाठी पळवत. त्यावरून इतकी जुंपली, की काकूंनी ती बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली. गाडी विकली गेली की तिच्या जागी कुंड्या मांडणार, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. जावयाने ते मनावर घेतलं आणि गिऱ्हाईक शोधून आणलं.

गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं तेव्हा फिल्टर दोरीवर होता. “कालच धुतला,” काका निरागस चेहऱ्याने म्हणाले. “वाळेपर्यंत गाडी चालू करता येणार नाही.” दुसऱ्यांदा आलं तेव्हाही तो दोरीवरच. उन्हात ठेवू या का, असं जावयाने विचारलं, तर काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने सासूलाच उन्हात उभं करायला सांगितलं होतं. जावई समजायचं ते समजला. गिऱ्हाईकही समजलं, पण चिवट होतं. शेवटची खेप घालतो म्हणालं, नाहीतर दुसरी गाडी बघून ठेवलेली आहे.

पण या खेपेला काका खरोखरच हरले होते. बायकोशी हुज्जत घालून ते थकले होते. आयुष्यभर तिने ती काळी मोरी घासली. तिला कुंड्या हव्यात ना, मग होऊ देत कुंड्या.

संध्याकाळी त्यांनी कोरड्या फिल्टरला तेल लावलं, जास्तीचं टिपून घेतलं आणि तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मग गाडी रिकामी केली. नट-बोल्टचे पाने निघाले, टॉर्च निघाला, आणि डावीकडच्या सीटवरची उशी निघाली. पाठ दुखते म्हणून काकूंनी ती स्वतःच्या हाताने शिवली होती. त्या सीटवर दुसरं कुणी कधी बसलंच नव्हतं.

“ही तुझी,” काका म्हणाले, आणि अर्धंच जेवून उठले. फार वाईट वाटत होतं त्यांना.

काकूंनी उशी उलटसुलट करून पाहिली. “एका बाजूने उसवलीये,” एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी गिऱ्हाईक आणि जावई दोघंही वेळेवर हजर झाले. काकांनी न सांगता बॉनेट उघडलं. “फिल्टर आणतो, बसवतो, की करा चालू,” ते म्हणाले. जावयाला आपल्या कानांवर विश्वास बसेना.

फळीवर फिल्टर नव्हता. फडकं होतं, नीट घडी घातलेलं. काका मागच्या दारी गेले आणि जागीच थबकले. फिल्टर दोरीवर होता, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

“बाबा, पुन्हा?” मागून आलेला जावई म्हणाला.

“मी नाही धुतला,” काका म्हणाले. या वेळी ते अगदी खरं बोलत होते आणि नेमका याच वेळी कुणाचा विश्वास बसत नव्हता.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “सांगितलं होतं ना मी, धुऊ नका म्हणून?” त्यांनी सगळ्यांसमोर काकांना फैलावर घेतलं. “ऐकतील तर शपथ. आता काय करणार?” मग गिऱ्हाईकाकडे वळून त्या म्हणाल्या, “उन्हात नाही हो ठेवता येत. सावलीतच वाळवावा लागतो. आणि घाई केली तर इंजिनाच्या घशात माती.”

गिऱ्हाईकाने हात जोडले. दुसरी गाडी बघून ठेवलेली होतीच, तो तिकडे निघाला. जावईही पाय आपटत त्याच्या मागोमाग गेला. सासऱ्यापुढे त्याने कायमचे हात टेकले.

काकू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कुकर लावायला आत गेल्या. काकांनी दोरीवरच्या फिल्टरला नाक लावलं. लोकरीच्या साबणाचा वास येत होता. धुतलाही होता आतून बाहेर, अगदी शिस्तीत.

ते बॉनेट बंद करायला गाडीपाशी आले. सहज काचेतून आत पाहिलं. डावीकडच्या सीटवर उशी होती, आणि उसवलेली बाजू शिवलेली होती.