पेपर वाचून निवडलेला

पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाणीच्या गावात फोन एकच, कुबेकच्या किराणा दुकानात. बोलावणं आलं तसा ओंद्रेय हुडाक अंगावरच्या कोळशासकट तिथं गेला. पलीकडे शहरातल्या, अंगावर धडकून खेळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या धंदेवाईक संघाचे मालक होते.

“अभिनंदन, हुडाक! कॉलेजच्या पोरांची आज संघांत वाटणी झाली. तुमचा मातुश आमच्या वाट्याला आलाय. आता देशातला दुसरा कुठलाही संघ त्याला हात लावू शकत नाही.”

“कोणीच लावणार नाही, साहेब. शेवटच्या सामन्यात मान मोडली त्याची. पुरून महिना झाला.”

“अरेरे! आम्ही कुठले सामने बघतोय, पेपर वाचूनच निवडतो. पेपरात तर त्याचं कॉलेज जिंकल्याचं होतं!”

“जिंकलंच होतं, साहेब.”

 मिळालेली निवड वाया घालवणं मालकांच्या रक्तात नव्हतं.

“त्याच्या पाठचा कोणी?”

“पाठच्या सगळ्या मुलीच.” ओंद्रेयनं फोन ठेवला.

कुबेक साखर तोलायची विसरला. “अरे ओंद्र्या, आणि तुझा धाकटा पोरगा यानो? एवढा धिप्पाड गडी, माझ्या दारातून वाकून आत येतो!”

“म्हणूनच,” ओंद्रेय म्हणाला.