वावर पसंत

सुलक्षणाच्या घरच्यांना मुलगा पसंत होता. तिचं मात्र एकच म्हणणं, आधी त्याचं वावर, म्हणजे शेत, पाहायचं.

शिंदखेड्याजवळच्या वावरात मगननाना पुढे आणि त्यांचा मुलगा दीपक मागे, अशी मंडळी निघाली. "बठ्ठं बागायत शे," सगळ्या शेतावरून हात फिरवत नाना ऐटीत म्हणाले. सुलक्षणाने चपलेच्या टोकाने माती उकरली आणि मल्चिंग पेपरच्या चंदेरी प्लॅस्टिकची एक चिंधी ओढून काढली. मग दुसरी. मग मूठभर.

"टरबूजना मल्चिंग पेपर शे. जिरी जाई मातीमा," नाना म्हणाले.

"जिरस नही, नाना. नुस्ता बारीक व्हस, मंग पानीमा जास, पोटमा जास." तिने चिंध्या दीपकच्या हातात ठेवल्या. "बठ्ठा येचा. मंग तारीख काढू."

गावभर हसं झालं. पण होळीपासून दीपक रोज ढेकळं फोडून चिंध्या वेचत राहिला. पोत्यांवर पोती भरली. पुढच्या टरबुजाला प्लॅस्टिक नको म्हणून त्याने उसाचं पाचट आणून ठेवलं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सुलक्षणा पुन्हा आली. सरळ खाली बसून तिने दोन-तीन ठिकाणी माती उकरली. शेवटच्या ठिकाणी नखाएवढा चंदेरी तुकडा चमकला. तिने मान वर केली. उन्हाने रापलेला दीपक श्वास रोखून उभा होता.

तिने तुकडा उचलून मूठ मिटली.

"साफ शे, नाना," ती म्हणाली. "काढा तारीख."

मूठ तिने घरी पोहोचेपर्यंत उघडली नाही.